उपासाचं तूप

गार्गी आणि सलील,

गेल्या रविवारी फोनवर गार्गी म्हणाली, "आजी, मी फॅट्स पूर्ण बंद केलेत. तूप नाही, तेल नाही, बदामसुद्धा नाही. आणि आठवड्यातून दोन दिवस फास्टिंग." तिच्या पित्ताशयात खडे दिसले आहेत आणि डॉक्टरांनी तूर्त थांबायला सांगितलं आहे, हे तिनं मध्येच, तिकडच्या थंडीबद्दल सांगावं तसं सांगून टाकलं. मी "बरं" म्हणाले. फोनवर मला एवढंच सुचतं.

फोन ठेवल्यावर माझा हात उजव्या बरगडीखाली गेला. तिथं एक जुना व्रण आहे. लहानपणी सुट्टीत आलात की तुम्ही दोघं त्याला आगगाडीचा रूळ म्हणायचात. कशाचा म्हणून विचारलं होतं तेव्हा मी "ऑपरेशनचा" एवढंच सांगितलं. आता सगळं सांगते. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं गार्गीनं तिच्या डॉक्टरांचंच ऐकावं. पण डॉक्टरांना काय सांगायचं राहून जातं ते मला माहीत आहे.

जुन्नर

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा जुन्नरला हायस्कुलात गणित शिकवत. मी पुण्याची, इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेली. घरात आम्ही चौघं: आजोबा, त्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि तुमची आई. ती तेव्हा चार वर्षांची होती. तिला सगळे बेबी म्हणत.

सासूबाई आंबेगाव तालुक्यातल्या, डिंभ्याच्या बाजूच्या. घोड नदीच्या काठाला घरची शेती होती, ती थोरले दीर बघत. तिकडून भुईमुगाच्या शेंगा पोत्यानं यायच्या आणि तोंडाला फडकं बांधलेल्या बरणीतून तूप यायचं. सासूबाईंना लाडाचं बोलता येत नसे. त्या वाढायच्या. तुमच्या पानात तुपाची धार किती वेळ पडते त्यावरून त्यांच्या मनात काय आहे ते ओळखायचं. माझ्या पानात ती बराच वेळ पडायची, हे आधी सांगून ठेवते. पुढचं वाचताना त्यांच्याबद्दल भलतं मनात आणू नका.

दुखणं

पहिल्यांदा दुखलं ते एका चतुर्थीला, दुपारी. बरगडीखाली कुणी मूठ घालून पिळतंय आणि पीळ पाठीतून खांद्यापर्यंत जातोय असं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून राहिले. दिवेलागणीला थांबलं. आमच्या गच्चीवरून लेण्याद्रीचा डोंगर दिसे. सासूबाई गच्चीत गेल्या, डोंगराकडे हात जोडले आणि गिरिजात्मजाला बोलल्या, "माझी सून बरी हूं दे, वरीसभर तुझ्या चतुर्थ्या करंल."

नवस त्या बोलल्या, पण चतुर्थ्या माझ्या नावावर पडल्या. आमच्याकडे असंच असे. मीही नाही म्हटलं नाही. मी तशीही चतुर्थी करत होते, आता ती चुकवता येणार नव्हती एवढंच.

पुढच्या चतुर्थीला पुन्हा दुखलं. मग सासूबाईंनी ठरवलं की एकट्या गणपतीनं भागत नाही. सोमवार आला. मग एकादशी आली. दुखणं त्या दिवशीही येऊ लागलं. "व्रतात कायतरी चुकतंय," त्या म्हणत आणि माझ्या पानाकडे आणखी लक्ष देत.

त्या पानात काय असे ते सांगते. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात साबुदाण्याइतकंच दाण्याचं कूट, सगळं तुपात परतलेलं. वरीचा भात, त्यावर दाण्याची आमटी, आमटीवर बोटभर तवंग. तुपात तळलेल्या रताळ्याच्या चकत्या. वर पेलाभर म्हशीचं दूध, सायीसकट. एरवी आम्ही भाकरी, पिठलं, पालेभाजी खाणारी माणसं. आठवड्यातलं सगळ्यात जड जेवण आम्ही उपासाला जेवत होतो आणि ते जेवण आहे असं घरात कुणाला वाटत नव्हतं. मला इंग्रजी येत होतं, आजोबांना गणित येत होतं. आम्हालाही वाटलं नाही.

एकदा मी म्हटलं, "आई, आज नुसतं दूध घेते. पोटाला विश्रांती."

"आगं, आज इश्रांतीच हाय की पोटाला. उपास न्हवं का?" त्या म्हणाल्या. "उपासाचं खाल्लं म्हंजी खाल्लं न्हाई."

साय

गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी विचारलं, "कधी दुखतं?"

मी म्हटलं, "उपास असतो त्या दिवशी."

"त्या दिवशी पोटात काय असतं?"

"काही नाही. उपास."

मी खोटं बोलत नव्हते. डॉक्टरांनीही तसलेच उपास लहानपणापासून पाहिलेले होते, आणि त्यांनीही पुढं विचारलं नाही. रिकाम्या पोटी आम्लपित्त होतं, म्हणाले. उपाशी राहू नका, दुधावरची साय घ्या, सकाळी मऊ भातावर तूप घ्या. त्या काळी पोटातल्या जळजळीला हाच उपचार होता, आणि मी जे सांगितलं त्यावरून त्यांनी ठीकच सांगितलं.

उपास तर सोडता येत नव्हते. म्हणून उपासही राहिले आणि सायही आली. मग बिनउपासाच्या दिवशीही दुखू लागलं.

आता लिहिताना आठवतं की त्या महिन्यांत मी घाबरले नव्हते. घाबरायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. बेबी शेजारी बसून भातुकली खेळे, खोटी भाकरी माझ्या तोंडापुढं धरी, आणि मी तिच्याकडे रस्त्यावरच्या मुलीकडे बघावं तशी बघे. ही माझी आहे हे कळत होतं. वाटत काही नव्हतं.

डोळे पिवळे झाले तेव्हा शेजारणींनी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरते म्हणत. माळ वाढली. कावीळ उतरली नाही. आजोबांनी एक दिवस शाळेतून रजा घेतली आणि म्हणाले, "पुण्याला जायचं." जाऊबाई येऊन बेबीला डिंभ्याकडे घेऊन गेल्या. एसटीच्या खिडकीतून तिनं हात हलवला नाही. मीही हलवला नाही.

वॉर्ड

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात बायकांचा वॉर्ड लांबट होता, उंच खिडक्यांचा. सकाळी फिनेलनं फरशी पुसत, मग थर्मामीटर, मग पातळ चहा, मग डॉक्टरांची फेरी. मला तो क्रम आवडला. काही ठरवावं लागत नव्हतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर हमीदाबी होत्या. त्याही जुन्नरच्या निघाल्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद करत. त्यांच्या पोटात गाठ होती. मी हायस्कुलातल्या मास्तरांची बायको हे कळल्यापासून त्या मला मास्तरीणबाई म्हणत. स्वतःला वारा घालताना पंखा अधूनमधून माझ्या बाजूला वळवत. त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

फेरीला मोठे सर्जन आले. करडे, उंच, घाईत. तोच प्रश्न विचारला, "दुखायच्या आधी काय खाल्लेलं असतं?"

"काही नाही. उपास असतो."

शेजारच्या खाटेवरून हसण्याचा आवाज आला. पोट धरून हसत होत्या त्या, कारण हसल्यावर त्यांना दुखे.

"आवो डाक्टरसाहेब, उपासाला काय काय खाती ते इचारा की मास्तरीणबाईला!"

सर्जन थांबले. "काय खाता?"

मी सांगितलं. खिचडी, आमटी, चकत्या, दूध. सांगताना मी माझंच ऐकत होते.

"या अल्ला!" हमीदाबी म्हणाल्या. "आमच्या रोज्याला पाण्याचा थेंब न्हाई गिळत आमी. तुमचा उपास म्हंजी आमची ईद झाली की वो!"

वॉर्डातल्या दोनचार बायका हसल्या. सर्जन हसले नाहीत. खाटेच्या कडेला टेकले, बरगडीखाली बोटं रोवली आणि श्वास घ्यायला सांगितलं. श्वास अर्ध्यात अडकला. त्यांनी मान हलवली.

मग साध्या मराठीत म्हणाले, "पित्ताची पिशवी आहे. खड्यांनी भरली असणार. तूप, दाणे, साय पोटात गेलं की ती पिशवी आवळते, आणि आवळली की तुम्हाला दुखतं. आता एखादा खडा नळीत अडकलाय, म्हणून कावीळ. पिशवी काढावी लागेल."

"नाही काढली तर?" आजोबांनी विचारलं. ते टोपी काढून हातात धरून उभे होते.

"तर वाचायच्या नाहीत."

मी सर्जनच्या बुटाकडे बघत होते. एका बुटाची नाडी सुटलेली होती. कुणीतरी त्यांना सांगायला हवं, एवढंच माझ्या मनात आलं.

पाणी सोडलं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चतुर्थी होती. सासूबाई माझ्या भावाकडे उतरल्या होत्या. दुपारी त्या पितळी डबा घेऊन आल्या. झाकण काढताच वास आला आणि माझ्या पोटातली मूठ आवळली, खाल्लं नव्हतं तरी.

सिस्टरनं डबा उचलला. "हे चालणार नाही, आजी."

"उपासाचं हाय ते."

"उपासाचं म्हणूनच नको. डॉक्टरांनी सांगितलंय. तुपाचा थेंब जाता कामा नये."

सासूबाई आजोबांकडे वळल्या. "काय रं, खरं हाय?"

आजोबांनी सगळं सांगितलं. हळू, वर्गात अवघड गणित सांगावं तसं, पायरी पायरीनं. ते ऐकताना सासूबाईंचा चेहरा बदलला नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी माज्या हातचं खाऊन ही अशी झाली?"

त्या रडल्या नाहीत. पण त्यांची अडचण मला तिथं पडल्या पडल्या दिसत होती. खिचडी खाऊ घातली तर डॉक्टर म्हणतात सून मरेल. नवस मोडला तर देव नेईल. उद्या माझं पोट फाडणार होते आणि आज चतुर्थी होती.

"मग मला उपाशी राहू द्या," मी म्हटलं. "आजचा दिवस."

"तेही नको," सिस्टर म्हणाली. "पेज घ्यायचीय. उद्या अंगात ताकद नको?"

मग सासूबाईंनी माझ्या उशाचा इनॅमलचा पेला उचलला, उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि डोळे मिटले.

"देवा गिरिजात्मजा, हिच्या वाटंच्या चतुर्थ्या म्या घेतल्या. ऱ्हायलेल्या समद्या. हिला सोड."

आणि पाणी बोटांवरून खाली सोडलं. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

मग त्या हमीदाबींकडे वळल्या. त्यांचं हसणं आजोबांच्या सांगण्यात आलंच होतं. "काय वो बाई, तुमच्या रोज्याला पानीबी न्हाई?"

"न्हाई, मावशी. दिस बुडस्तवर."

"मंग मीबी तसंच करते. चंद्र दिसस्तवर पानी न्हाई. आता उपास म्हंजी उपासच."

"तुमचं वय झालंय, मावशी."

"आन मग काय, मला नुसतं चरायला ठिवलंय?" सासूबाई म्हणाल्या.

हमीदाबी पुन्हा पोट धरून हसल्या. मी पेज प्यायले. तिला कसलीच चव नव्हती.

नंतर

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोटातून एक रबरी नळी बाहेर बाटलीत गेली होती आणि बाटलीत हिरवं पित्त जमत होतं. खडे एका काचेच्या बरणीत घालून दाखवले. तांबूस, गुळगुळीत, भिजवलेल्या मटकीएवढे. बरं की वाईट, काहीच वाटलं नाही.

हमीदाबींची खाट रिकामी होती. त्यांना घरी नेलं, सिस्टर म्हणाली. आणि मग म्हणाली, गाठ काढण्यासारखी नव्हती. पंखा माझ्या खाटेवर ठेवून गेल्या होत्या. त्या थंडीत त्या जुन्नरला वारल्या. मला कळलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. कळल्यावर उरलेले कपडे वाळत घातले.

बेबीला आणलं तेव्हा ती सासूबाईंच्या पदराआडून माझ्याकडे बघत राहिली. "ही बाई आपल्याकडं ऱ्हाणार?" तिनं विचारलं. डिंभ्याकडं राहून तिची बोली बदलली होती. "ऱ्हाणार," सासूबाई म्हणाल्या. ती जरा विचार करून माझ्याजवळ येऊन बसली. अंगाला न लागता.

कोरडं वर्ष

आता गार्गीनं नीट वाचावं.

दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं की काही दिवस तूपतेल जपून. ते "काही दिवस" घरात कुणी लक्षात ठेवलं नाही. सासूबाईंनी जितक्या मायेनं वाढलं होतं तितक्याच मायेनं आता काढून घेतलं. माझं पातेलं वेगळं झालं. पाण्यात शिजवलेली भाजी, कोरडी भाकरी, साय काढून पुन्हा गाळलेलं दूध. दाणे तर त्या घरातच येऊ देईनात. भुईमुगाची पोती दिरांनी परत नेली. आजोबा कधी बाहेरून भजी खाऊन येत आणि मिशी पुसत आत शिरत. सासूबाईंना वास येई. "तिच्यासमोर तरी नको रं," म्हणत.

मी बरी झाले होते आणि बरी दिसत नव्हते. टाचा फुटल्या. केस फणीत येऊ लागले. जेवून उठलं तरी भूक असे आणि सारखी थंडी वाजे. दुखत मात्र नव्हतं, म्हणून आम्हाला वाटे असंच ठीक आहे.

घरात एक पिवळा पत्र्याचा डबाही आला, वनस्पती तुपाचा. आजोबांच्या शाळेत कुणी सांगितलं, हे झाडपाल्याचं आहे, जनावराचं नाही, हे हिला चालेल. सासूबाईंनी बोट घालून पाहिलं. "तेल असून थिजलंय कसं?" म्हणाल्या आणि डबा फळीवर ठेवून दिला. त्यांना रसायन कळत नव्हतं, त्यांना नुसता संशय आला होता. पुढं त्या डब्यात त्या खिळे ठेवत.

वर्ष उलटून गेल्यावर पुण्याला त्याच सर्जनना दाखवायला गेले. त्यांनी माझे हात पाहिले, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "जेवता काय?" या वेळी मी सगळं सांगितलं. उपासाचंही आणि बिनउपासाचंही.

ते चिडले. "अजिबात बंद करायला कुणी सांगितलं होतं? शरीराला स्निग्ध पदार्थ लागतात. पिशवी नसली तरी थोडं थोडं पचतं. एकदम ओतू नका आणि एकदम तोडू नका."

घरी येऊन मी सासूबाईंना ते सांगितलं. त्या देवघरात गेल्या आणि पंचामृताची चिमुकली पितळी पळी घेऊन आल्या. "ही देवाची हाय. हिच्यानं वाढलेलं मापात ऱ्हाईल," म्हणाल्या. गरम भातावर पळीभर तूप सोडलं, धार न धरता. आणि माझ्यासमोर बसून राहिल्या, मी खाऊन दुखत नाही ना ते बघायला.

पहिला घास तोंडात गेला आणि मला रडू आलं. ऑपरेशनला आलं नव्हतं, हमीदाबींच्या वेळी आलं नव्हतं. बेबी माझ्याकडे बघत होती. ती सरकून माझ्या मांडीला लागून बसली आणि तिनं तिच्यासाठी घास मागितला. मी दिला. ते रडू फार वेळ टिकलं नाही, पण आलं हे खरं.

मला कळलेलं

वाटीत दिसतं तेवढंच तूप नसतं. कुटात असतं, खोबऱ्यात असतं, सायीत, तवंगात असतं. आपण ज्याला खाणंच म्हणत नाही त्यात सगळ्यात जास्त असतं. वनस्पती तुपातल्या ज्या चरबीला आता तुम्ही ट्रान्स फॅट म्हणता, ती माझ्या सुनांनाही मी घरात आणू दिली नाही. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. दाणे, तीळ, जवस, घाण्याचं तेल हे वैरी नाहीत, मापात घेतले तर. तूपही नाही, पळीभर घेतलं तर. आणि बराच वेळ उपाशी राहून मग भरपूर खाणं पित्ताच्या पिशवीला सोसत नाही, ते तुमच्याकडे कुठल्याही नावानं विकत असोत. गार्गी, तुझ्या डॉक्टरांना तू दोन दिवस उपाशी राहतेस हे सांगितलंस का? आणि उपास सोडताना काय खातेस ते? विचारलं नाही तरी सांग.

सासूबाईंनी माझ्या वाटणीच्या चतुर्थ्या पूर्ण केल्या. पाण्यावाचून, चंद्र दिसेपर्यंत. नवसाचं वर्ष संपल्यावर मी म्हटलं, आता पुरे. "सवय झाली," म्हणाल्या, आणि मरेपर्यंत करत राहिल्या. त्यांच्या पानात त्या दिवशी काही नसे. माझ्या पानात असे, आणि मी जेवते आहे ना, हे बघायला त्या समोर बसत.

सासूबाई गेल्या. आजोबा गेले. व्रण आहे. पंखा मोडला, त्याची दांडी आहे. पळी आहे, तिचा दांडा एकदा डाग देऊन बसवलाय. तुमची आई आहे. मी कधी उपास करत नाही. माझ्या नावावर जे आहेत, ते सगळे त्यांनी केलेले आहेत.